सीसीटीव्हीतली बाई

पावसाळ्यात आमचा धंदा बंद असतो. शहापुरात माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न लागलं की जेवायला फुरसत नसते आणि आषाढी एकादशी झाली की सामसूम. कॅमेरे सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात जातात, हाताखालची पोरं आपापल्या गावी भात लावायला जातात. या रिकाम्या महिन्यांत मी भयपट काढतो. छोटे, दहा-बारा मिनिटांचे, यूट्यूबवर टाकायचे. हौस, दुसरं काही नाही. त्या हौसेत मी जे चुकलो त्यातलं काही हसण्यासारखं आहे, काही नाही. हसण्यासारखं आधी सांगतो.

आमच्या दोन तालुक्यांत भयपटाला सामान कमी नाही. शहापूरला कसारा घाट, मुरबाडला माळशेज. दोन्ही घाटांत रात्री पांढऱ्या साडीतली बाई हात दाखवते असं शपथेवर सांगणारे ड्रायव्हर कुठल्याही ढाब्यावर भेटतात. पण सिनेमावाल्यांनी आम्हाला कायम गाडी बंद पडायची जागा म्हणूनच ठेवलं. भुतांची मालकी कोकणाची. वाडे तिथले, ‘रात्रीस खेळ चाले’ तिथलं, ‘मुंज्या’ही तिथलाच. आमच्याकडे चकवा आहे, पण चकव्याला तोंड नाही. माणूस रात्री ओळखीच्या शिवारातून निघतो, तीच मोरी, तोच आंबा पुन्हा पुन्हा येत राहतो आणि उजाडल्यावर कळतं की घर हाकेच्या अंतरावर होतं.

माझा पहिला बरा म्हणावा असा प्रयत्न या चकव्यावरचा. जागा मुरबाड तालुक्यातली, सरळगावच्या पुढची, माझ्या सासुरवाडीच्या रस्त्यावरची. तेव्हा ड्रोन नवा होता आणि नवा ड्रोन घरात आला की माणूस सत्यनारायणाची पूजासुद्धा वरून काढतो. मी चित्रपटाची सुरुवातच वरून केली. काळंभोर सागाचं जंगल, त्यात एका मोटरसायकलीचा दिवा, वळणावळणाचा रस्ता. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९८० सालच्या ‘द शायनिंग’ची सुरुवात अशीच आहे, डोंगरातल्या रस्त्यावरची एकटी मोटार हेलिकॉप्टरमधून टिपलेली. तिथे ती उंची बघून वाटतं, कुणीतरी या मोटारीवर लक्ष ठेवून आहे. माझ्या शॉटमध्ये उजव्या कोपऱ्यात गावातले दिवे दिसत होते.

बायकोनं पूर्ण बघितला आणि विचारलं, “वरून सगळं दिसतंय की. मग हा हरवलाय कुठे?”

ज्या माणसाला रस्ता सापडत नाही, त्याच्या गोष्टीत मी प्रेक्षकाच्या हातात पहिल्याच मिनिटाला नकाशा दिला होता. चकवा दाखवायचा तर कॅमेरा माणसाच्या छातीच्या उंचीवर हवा, टॉर्चच्या उजेडात चार पावलांपुढचं दिसता कामा नये. हे मला कळायला हवं होतं, कारण लहानपणी मी त्याच काळोखातून चालत शाळेत गेलोय. पण हातात यंत्र आलं की डोकं यंत्रासारखं बघायला लागतं. आजही गावोगावच्या हौशी भयपटांची सुरुवात ड्रोननं होते आणि मला प्रत्येक वेळी बायकोचा तो प्रश्न आठवतो.

दुसरी चूक आवाजाची. मी कुठेतरी वाचलं की गास्पर नोए या दिग्दर्शकानं २००२ च्या ‘इरिव्हर्सिबल’ या चित्रपटात पहिला अर्धा तास अगदी खालच्या पट्टीतली गुणगुण सोडली होती. कानाला धड ऐकू येत नाही, पण पोटात कालवतं. मग काय, मीही पुढच्या चित्रपटात तीस-पस्तीस हर्ट्झची घरघर घातली. स्टुडिओत मोठे हेडफोन लावून ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला. चित्रपट टाकला, मित्रांना पाठवला. सगळे म्हणाले, मधली तीन मिनिटं आवाजच नाही, फाइल बिघडली का?

फोनच्या तळाला असलेल्या त्या बारक्या स्पीकरमधून दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचा आवाज जवळजवळ येतच नाही. थिएटरात त्या खालच्या आवाजासाठी वेगळा, पेटाऱ्याएवढा स्पीकर असतो. पाच-पॉइंट-एकमधला तो पॉइंट एक म्हणजे तोच. माझी सगळी भीती त्या पॉइंट एकमध्ये होती आणि माझा प्रेक्षक आसनगाव लोकलमध्ये उभ्यानं फोन बघत होता. चित्राचंही तेच. रात्रीच्या प्रसंगांत मी काळ्यातले काळे थर जपले होते. अपलोड होताना आकसले आणि त्या जागी राखाडी चौकटी हलायला लागल्या. फोनवर शूट केलेले भाग तर त्याहून वाईट. हल्लीचा फोन अंधाराला अंधार राहू देत नाही. एकामागून एक फ्रेम जोडून तो रात्रीची संध्याकाळ करतो आणि झाडांची पानं मेण लावल्यासारखी गुळगुळीत दिसतात. डॅनी बॉइलनं २०२५ चा ‘२८ इयर्स लेटर’ बराचसा आयफोनवर काढला हे सांगून माझी पोरं मला नवा फोन घ्यायला लावत होती. त्या फोनापुढे कसली भिंगं आणि मागे किती माणसं होती, हे मला पोरांना सांगावं लागलं.

फोनवर एकेकट्यानं बघायचा भयपट ही वस्तूच वेगळी आहे, हे इथे पहिल्यांदा लक्षात यायला हवं होतं. माझं लहानपण किन्हवलीकडच्या एका गावातलं. तेव्हा पूजेला किंवा गणपतीत ‘व्हिडिओ आणायचे’. म्हणजे भाड्याचा रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी टेम्पोतून यायच्या, टीव्ही देवळापुढच्या टेबलावर चढायचा आणि रात्रभर अख्खं गाव गोणपाटावर. पहिला देवाधर्माचा, दुसरा मारामारीचा, तिसरा भुताचा. रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’ आणि ‘वीराना’ मी असे बघितले. रबरी मुखवटा, धुराची नळकांडी, हिरवा-लाल उजेड. ‘पुराना मंदिर’मधला सामरी दार फोडून आला की पुढच्या रांगेतली पोरं किंचाळायची आणि मागून कुणी आजोबा म्हणायचे, “अरे, ह्याला कुणी चहा द्या.” सगळे हसायचे. नंतर लघवीला मात्र चौघे मिळून जायचे. भीती खरी होती, पण ती टेबलावरच्या पेटीत होती, आणि पहाटे पेटी टेम्पोत चढून परत जायची.

‘झपाटलेला’ १९९३ चा. रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बाहुल्याचा हात हलतो म्हणजे आत कुणाचा तरी हात आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी घाबरलो. २०१३ ला ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला, मराठीतला पहिला. चष्मा लावून बघितला. विंचू अंगावर आला, पण आता मी माणूस नाही, चष्मा आठवत होतो. ‘मुंज्या’ २०२४ चा, आदित्य सरपोतदारांचा. त्यातला मुंजा पूर्ण संगणकावर घडवलेला आहे, काम अव्वल आहे, चालला तुफान. मला तो गमतीदार वाटला, भीतिदायक नाही. ज्याला वजन नाही त्याची मला भीती वाटत नाही, हा माझा दोष असेल. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात लागला आणि २०१८ ला चुकवलेला तो चित्रपट मी कल्याणला जाऊन बघितला. राही अनिल बर्वे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खऱ्या पावसाची वाट बघितली. त्यातली साखळीला बांधलेली आजी म्हणजे मेकअपच्या थरांखाली एक लहान मुलगा आहे, मोहम्मद समद. तोच पुढे विनायकाचा मुलगाही होतो. ती आजी डोळे उघडते तेव्हा अख्खं थिएटर एकदम मागे सरकलं. यातून मी शिकायचं ते सोडून भलतंच शिकलो. मी ठरवलं, आपल्यालाही एक म्हातारी हवी.

आता न हसण्यासारखं.

पुढच्या पावसाळ्यात मी कृत्रिम बुद्धिमत्तेचं चित्रं बनवणारं एक साधन वापरायला लागलो. मेकअपवाला परवडत नव्हता. यंत्राला लिहून दिलं, गावाकडची चेटकीण, म्हातारी, रात्री रस्त्यावर उभी. काही क्षणांत चेहरे आले. काळ्या, सुकलेल्या, कपाळावर गोंदण, मोकळे केस, गुडघ्यापर्यंत लुगडं. मला वाटलं, काय अस्सल बाई काढली आहे! ती अस्सल का वाटली हा प्रश्न पडला नाही. सकाळी आसनगाव स्टेशनवर उतरणाऱ्या नोकरदारांना रानभाजी विकणाऱ्या ज्या ठाकूर, कातकरी म्हाताऱ्या मी रोज बघतो, त्यांच्यातलीच ती होती. यंत्रानं जगभरच्या चित्रांतून चेटकीण शोधली आणि तिला गरीब, काळी, एकटी बाई सापडली. चेटकीण ठरवताना गावं हजार वर्षं हेच करत आली आहेत.

माझ्याकडे कामाला असलेल्या पोराला लुगडं नेसवून, डोक्यावर मोळी देऊन एका मोरीवर उभा केला आणि नंतर त्याच्या धडावर तो चेहरा बसवला. साफ चित्रात चेहरा खोटा दिसत होता, दात एकमेकांत वितळत होते. मग युक्ती सुचली. सगळं सीसीटीव्हीसारखं केलं. रात्रीचा सीसीटीव्ही डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकतो, त्यात रंग राहत नाहीत, कापड पांढरंफटक दिसतं आणि डोळे चमकतात. ते सगळं केलं, कोपऱ्यात तारीख-वेळ टाकली, मध्ये दोन-चार फ्रेम गाळल्या. दात वितळलेले कुणाला दिसणार? चित्र जितकं वाईट तितकं खरं वाटतं. १९९९ चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ याच युक्तीवर उभा होता, घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्याचं हलतं चित्र, आणि प्रसिद्धीत सांगितलेलं की त्यातली पोरं खरंच जंगलात बेपत्ता आहेत. त्यातल्या नटीच्या आईला लोकांनी सांत्वनाची पत्रं पाठवली होती. हा किस्सा मी पोरांना कौतुकानं सांगायचो. त्या आईला काय वाटलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

संपूर्ण चित्रपटाला नाव होतं, शेवटी श्रेयनामावली होती, यंत्राचा वापर केल्याचा उल्लेखही होता. पण जाहिरात म्हणून मी त्यातला अर्ध्या मिनिटाचा सीसीटीव्हीचा तुकडा तेवढा इन्स्टाग्रामवर टाकला. चित्रपटाचं नाव नाही, काही नाही. नुसतं, “तुम्ही या रस्त्यानं जाता का?” जागाही मुद्दाम लिहिली नाही, म्हणजे गूढ वाढेल. सर्वपित्री अमावास्या आठवड्यावर आली होती.

जागा लोकांनीच लिहिली. मोरी ओळखली, माहुलीच्या पायथ्याकडचा रस्ता. दुसऱ्या दिवशी तो तुकडा माझं इन्स्टाग्राम सोडून शहापूर, आसनगाव, वासिंदच्या ग्रुपांवर फिरत होता. खालच्या कडेला माझ्या स्टुडिओचं नाव होतं ते कुणीतरी कापलं होतं, पहिल्या पोस्टवर तेवढं उरलं होतं. मी खूश होतो. लग्नात जेवढे हात जोडले तेवढ्यात कधी इतक्या लोकांपर्यंत पोचलो नव्हतो.

त्या रस्त्याला एक पाडा आहे. तिथली एक ठाकूर आजी पहाटे काळोखात निघून डोक्यावर पाटी घेऊन स्टेशनला चालत यायची. एरवी मोळी, पावसात भाजी. आणि हा पितृपंधरवडा, म्हणजे तिच्या वर्षातला कमाईचा काळ. श्राद्धाला आळूची पानं, भोपळा, कारली, काकडी लागतेच, आणि फ्लॅटवाले तिच्याकडून घासाघीस न करता घेतात. त्या पंधरवड्यात पहाटे फिरायला निघालेल्या मोटरसायकलवाल्या पोरांनी तिला गाठलं. तोंडावर मोबाइलची लाइट मारून व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांनी. कुणीतरी बाटली फेकली, ती पाटीला लागली. तिला कधीमधी फुकट बसवणारा मॅजिकवाला थांबेनासा झाला. ती घरी बसली. आळूची पानं दोन दिवसांत काळी पडतात.

मला हे कळलं ते आमच्याच तालुक्यातल्या एका शिक्षकांकडून. ते अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात आणि माझ्या चित्रपटांचे जुने, फार कौतुक न करणारे प्रेक्षक आहेत. त्यांनी विचारलं, “हे तुमचंच ना?” मी हो म्हणालो. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातल्या एका गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका म्हाताऱ्या माणसाला निखाऱ्यांवर नाचवलं होतं, ते आठवतं का? आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचलाय का? एखाद्याला चेटूक करणारा ठरवून त्याचा छळ करणं त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. मी म्हणालो, मी कुणाला चेटकीण म्हटलेलं नाही. ते म्हणाले, “म्हटलं नाहीत. दाखवलीत.”

तरी मी लगेच काही केलं नाही. हे लिहायला जड जातंय. दिवाळीनंतरच्या लग्नांच्या बुकिंगा सुरू होत्या, त्यात पोलीस, गाव, बदनामी नको वाटली. मी नुसती पोस्ट काढून टाकली. त्यानं एवढंच झालं की श्रेयनामावली असलेल्या मूळ चित्रपटाकडे नेणारा एकमेव धागाही गेला. मग शिक्षकांबरोबर पाड्यावर गेलो आणि त्या आजीसमोर बसून म्हणालो, “आजी, कुणीतरी पोरांनी खोटा व्हिडिओ काढलाय, आम्ही चौकशी करतोय.”

शिक्षकांनी माझ्याकडे बघितलं, पण माझं नाव घेतलं नाही. ते मी घ्यावं म्हणून थांबले असावेत. मी घेतलं नाही. तिचा नातू आश्रमशाळेत बारावीला होता. त्यानं जुना स्क्रीनशॉट शोधून काढला, खालच्या कडेला माझ्या स्टुडिओच्या नावासकट. पुढच्या वेळी मी गेलो तर त्यानं फोन माझ्यापुढे धरला. आजीनं विचारलं, “तू काढलास, तर तेव्हा का नाय बोललास?” मला उत्तर नव्हतं. मग तिनं तो तुकडा स्वतः बघायला मागितला. तिनं तो तोवर बघितलाच नव्हता. दोनदा बघितला. “ही मोळी उलटी बांधलीय,” म्हणाली. “अशी मोळी दोन पावलं टिकायची नाय.”

एवढ्या तज्ज्ञांनी तो तुकडा बघून खरा की खोटा यावर भांडणं केली होती, मोळीकडे कुणी बघितलं नव्हतं. पाड्यावर त्यावर कुणाचाच विश्वास बसला नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं. हडळ मोळी कशाला वाहील, तिला काय चूल आहे? विश्वास बसला तो खाली, नव्या इमारतींत, फोन चांगले असलेल्यांचा. गोणपाटावर बसलेल्या माझ्या गावाला पेटी दिसत होती. या लोकांना ती दिसू नये अशी व्यवस्था मी स्वतः, मेहनतीनं, तारीख-वेळ टाकून केली होती.

त्यानंतर शिक्षकांच्या आग्रहानं ग्रामपंचायतीत लेखी दिलं, पोलीस ठाण्यात लेखी दिलं. पंधरवड्याची भाजीची भरपाई दिली. आजीनं मोजून घेतली आणि बाटलीनं फुटलेल्या पाटीचे वेगळे मागितले. बरोबरच होतं. चित्र कसं बनवलं याचा व्हिडिओ केला, पोराला लुगडं नेसवतानाचा, चेहरा बसवतानाचा, सगळा. तो फारसा कुणी पुढे पाठवला नाही. खाली आलेल्या प्रतिक्रियांत एकानं लिहिलं होतं की पोलिसांनी दबाव टाकून ह्यांना असं बोलायला लावलंय, मूळ व्हिडिओ खराच आहे.

आता मी तुकडे टाकत नाही. टाकलाच तर चित्राच्या मध्यभागी, कापता येणार नाही असं, चित्रपटाचं नाव असतं. त्यानं भीती निम्मी होते, पोरं कुरकुरतात, आणि प्रेक्षक आणखी घटलेत. म्हातारी, काळी, गोंदलेली बाई पुन्हा भुताच्या जागी घेतलेली नाही. सध्या एका फ्लॅटमधल्या भुताची गोष्ट लिहितोय, ज्याला लिफ्ट वापरता येत नाही.

तो तुकडा मात्र फिरतोच आहे. मधल्या काळात तो आमच्या मोरीवरून कसारा घाटात गेला, तिथून माळशेजला, आणि आता साताऱ्याकडच्या कुठल्याशा घाटाचं नाव त्याखाली आहे. गेल्या दिवाळीत मुरबाडहून माझ्या मेव्हण्यानं तो घरच्या ग्रुपवर टाकला. “दाजी, तुम्ही यातले जाणकार. खरं असेल का हे?” मी सगळी हकिगत आवाजात रेकॉर्ड करून पाठवली, पोराच्या नावासकट. त्यानं अंगठा दाखवला. संध्याकाळी फोन केला तर म्हणाला, “ऐकलं दाजी, पण फार लांब होतं ते. मी तुमचा मेसेज नाय पाठवला पुढे, नुसता व्हिडिओच पाठवला.”